पिवळी रेघ

आमच्या गाझियाबादच्या घरात पंख्याच्या नटावर पिवळी रेघ होती. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर होती, गॅसच्या नळीच्या पट्टीवर होती, आणि खाली जिन्याजवळ उभ्या असलेल्या मोटरसायकलवर तर ठिकठिकाणी होत्या. पप्पा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होते, तिथून त्यांनी ही सवय आणली होती. नट कसून झाला की काडेपेटीची काडी पिवळ्या रंगात बुडवायची आणि नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. नट पुढे कधी जरासा जरी फिरला तरी रेघ मधोमध तुटते आणि हात न लावता लांबूनच कळतं की इथे काहीतरी ढिलं झालंय. ब्रेकच्या बाबतीत त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याने रेघ मारली त्याने पहिल्या फेरीला त्या गाडीत बसायचं. आई म्हणायची, "बरं झालं बाई, माझ्या मंगळसूत्राला नट नाहीत."

फौजेतून निवृत्त झाल्यावर पप्पा माणला, आमच्या गावी, परत गेले नाहीत ते माझ्यामुळे. मला दिल्लीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं तोवर कुणीच नव्हतं. कँटोन्मेंटमधलं क्वार्टर सुटलं, तेव्हा आम्ही तीन काळ्या ट्रंका घेऊन गाझियाबादला एका आटाचक्कीच्या वरच्या दोन खोल्यांत आलो. ट्रंकांवर पांढऱ्या रंगात पप्पांचं नाव आणि हुद्दा लिहिलेला होता, तो आईने कधी पुसू दिला नाही. सकाळी चक्की सुरू झाली की फरशी थरथरायची, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, जिन्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. गावाहून आलेली ज्वारी आई खाली दळायला न्यायची, तेव्हा चक्कीवाला गहू थांबवून दगड साफ करायचा आणि कुरकुरायचा, "आंटी, ये चिड़ियों वाला दाना आप लोग सच में खाते हो?" आई त्याला म्हणायची, "तुम भी खाओ, थोडा बारीक हो जाओगे." त्याचं पोट बघता हे खरंच होतं. एकदा तिने त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. नंतर तो ज्वारी जरा प्रेमाने दळू लागला.

कॉलेजात मी फारसं बोलत नसे. वर्गातली मुलं इंग्रजीतून प्रश्न विचारायची. मला उत्तर येत असलं तरी मनात वाक्य जुळवेपर्यंत तास पुढे सरकलेला असायचा. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल. माझ्या हातून जे झालं त्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. सबब म्हणून सांगत नाही, निदान तसा प्रयत्न आहे.

आमची मोटरसायकल दीडशे सीसीची, जुनी, पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेली. एका दुपारी मी आईला मागे बसवून मोहननगरकडे चाललो होतो. पुढची रिक्षा एका सवारीसाठी जागच्या जागी थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले. पुढचे शॉकअप खटकन खाली बसले आणि तसेच राहिले, चाक घसरलं, आणि आम्ही रिक्षाच्या मागच्या लोखंडी पट्टीवर आदळलो. मला खरचटलं. आईच्या बांगड्या फुटून मनगटात गेल्या आणि कोपर निखळलं. दवाखान्यातून घरी येताना ती ई-रिक्षात बसली आणि म्हणाली, "मी परत त्या गाडीवर बसायची नाही. तुम्ही दोघं काय ते करा." आणि ती बसली नाही. भाजीला, देवळात, ओळखीच्यांकडे, सगळीकडे ई-रिक्षा.

मी पप्पांना आधीपासून म्हणत होतो की पुढे डिस्क ब्रेक बसवू, शॉकअप बदलू. ते म्हणायचे, दुसऱ्या मॉडेलचा पार्ट गाडीला लागत नाही, लावला जातो. दोन्हींत फरक आहे. आईचा हात गळ्यात अडकवलेला बघितल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "तुमच्या नियमामुळे हे झालंय." दुसऱ्या दिवशी जेवताना पप्पा म्हणाले, "करोल बागला कधी जायचं?"

सोमवारी तिथला बाजार बंद असतो हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला आम्ही मोठ्या मॉडेलचा पुढचा सगळा भाग घेतला: जाड नळ्यांचे शॉकअप, डिस्कसकट चाक आणि ब्रेकचे पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर. मागचा शॉकअप तिसऱ्याच एका गाडीचा. दुकानदार त्याला शॉकर म्हणायचा आणि पप्पा हट्टाने शॉकअप म्हणत राहिले. मेट्रोच्या तपासणीवर शिपायाने ती दोन लांब नळकांडी बघून विचारलं, "ये तोप कहाँ ले जा रहे हो ताऊ?" पप्पांनी सावधान उभं राहून सांगितलं, "शॉकअप है जी." त्याने आत सोडलं नाही. आम्ही दोन बस बदलून घरी आलो, शॉकअप मांडीवर आडवे धरून, शेजारच्या प्रवाशांच्या शिव्या खात. इतका आनंदाचा प्रवास मी पुढे फार कमी केला.

काम तीन आठवडे चाललं, फक्त रविवारी. मोठ्या गाडीचा हँडलखालचा दांडा आमच्या फ्रेममध्ये सैल बसत होता, म्हणून खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, फट भरायला बुश करून घेतले. पप्पांनी ते तीनदा परत पाठवले. शेवटी ब्रेक जोडला, आणि लिव्हर दाबली की थेट हँडलच्या रबराला टेकायची. मला वाटलं नळीत हवा राहिली. एक अख्खा रविवार आम्ही हवा काढली. मी लिव्हर दाबायचो, पप्पा खाली बसून स्क्रू उघडायचे, ब्रेक ऑइल बाटलीत पडायचं, आई गॅलरीतून म्हणायची, "दूध काढताय का?" संध्याकाळी पप्पा एकदम थांबले. लिव्हरजवळ जी छोटी डबी असते, जी ऑइल ढकलते, तिला मास्टर म्हणतात. मी पैसे वाचवायला छोट्या गाडीचा मास्टर आणला होता. "कॅलिपर मोठा, मास्टर छोटा," पप्पा म्हणाले. "हा एवढंसं ढकलणार आणि त्याची तहान भागणार नाही. हवा नाही ही. माप चुकलंय." मोठा मास्टर लावल्यावर लिव्हर अर्ध्यावर घट्ट थांबली. मग त्यांनी रेघा मारल्या आणि रिकाम्या प्लॉटवर स्वतः चालवून बघितली, रोज, आठवडाभर. वीसवर, तीसवर, चाळीसवर. ओल्या मातीवर. मागे तांदळाचं पोतं बांधून. त्यानंतर मला दिली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पोतं बसलं ना, पुरे."

निवृत्तीनंतर पप्पा शाळांना बस पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या गॅरेजमध्ये हेडमेकॅनिक होते. ठेकेदाराला सगळे बाऊजी म्हणत. तिथल्या ड्रायव्हरांना पप्पांनी रेघेची सवय लावली होती. सकाळी बोनट उघडायचं, चाकांकडे बघायचं, रेघ अखंड असेल तरच किल्ली लावायची. रामफल नावाचा रोहतकचा वयस्क ड्रायव्हर तर रेघेला बोट लावून ते कपाळाला लावायचा. "हवलदार साहब की लकीर है, भगवान की थोड़ी है जो भरोसा न हो," तो म्हणायचा.

मी नव्या ब्रेकच्या बाईकवरून पहिल्यांदा पप्पांचा डबा द्यायला गेलो तो दिवस. आईने बाजरीची भाकरी आणि घेवड्याची उसळ दिली होती, डबा अजून गरम होता. बाऊजी खुर्ची टाकून उन्हात बसले होते. त्यांनी बाईककडे बघितलं आणि म्हणाले, "ओए इंजीनियर, ये आगे का तो इसका नहीं है." मी थांबलो. कुणा मोठ्या माणसाने मला कामाचं काही विचारावं आणि मला त्याचं उत्तर पूर्ण यावं, असं तोवर झालं नव्हतं. मी सांगत सुटलो. कुठला भाग कुठल्या मॉडेलचा, बुश कसे केले, मास्टरचं माप का बदललं. वर्गात न निघणारे इंग्रजी शब्दही निघाले. बाऊजी मान डोलवत होते, मध्ये मध्ये "वाह" म्हणत होते. मला वाटलं, मी पप्पांची इज्जत वाढवतोय.

आता मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. एखादा गप्प मुलगा अचानक बोलू लागला की मी खूश होतो, आणि त्याच क्षणी मला बाऊजींची ती डोलणारी मान आठवते आणि राग येतो. त्यांना बाईकशी काहीच घेणं नव्हतं. चार दिवसांपासून त्यांच्या एका मिनीबसचा ब्रेकचा मास्टर गळत होता. नवा यायला आठवडा लागणार होता. त्यांना एका छोट्या टेम्पोचा मास्टर लावून हवा होता, आणि पप्पा रोज एकच उत्तर देत होते: दुसऱ्या गाडीचा पार्ट मी लावत नाही.

बाऊजींनी पप्पांना हाक मारली. पप्पा हात पुसत आले.

"क्यों हवलदार साहब, हमारी बस पे नियम और बेटे की फटफटी पे जुगाड़?"

पप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरू शकत नाही. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"उसमें मास्टर बड़ा लगाया है जी, माप करके. आप छोटा लगाने को बोल रहे हो. पेडल नीचे तक जाएगा."

"तो ड्राइवर दो बार पंप मार लेगा. सब मारते हैं."

"एक हफ़्ता मैंने वो गाड़ी खुद चलाई है."

"तो इसे भी चला लो, कौन रोकता है?"

पप्पांनी हात पुसायची चिंधी खिशात कोंबली. मग म्हणाले, "ठीक है. लगा देता हूँ. पहले फेरे में आगे की सीट पे मैं बैठूँगा, और बगल में आपका पोता. वो भी तो स्कूल जाता है."

बाऊजींचा नातू मोटारीतून शाळेत जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. रामफल खोकला, पण तो खोकला नव्हता. बाऊजी उठले आणि पप्पांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. शेवटी, "कल से मत आना." पप्पांनी डबा माझ्या हातून घेतला, न उघडताच, आणि माझ्या मागे बाईकवर बसले. सबंध रस्ता मी बाऊजींना मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि घर जवळ आलं तसा तो राग मागे बसलेल्या माणसाकडे वळला. ते ओरडले का नाहीत? शाळेला फोन का करत नाहीत? घरी आल्यावर हे मी बोललोही. पप्पा भाकरी कुस्करत म्हणाले, "ज्वारी संपली का गं? ही बाजरी आहे." आई म्हणाली, "संपली."

दोन दिवसांनी मी पप्पांची हत्यारांची पेटी आणायला गॅरेजवर गेलो. दुपारचे साडेबारा झाले असतील, बस शाळेच्या सुट्टीसाठी निघायच्या तयारीत होत्या. ती मिनीबस रांगेत पहिली होती, बोनट उघडं, आणि रामफल नेहमीसारखं आत डोकावत होता. मला बघून म्हणाला, "पिताजी को बोलना, जाने से पहले काम करके गए, बड़ा दिल है उनका." मी आत बघितलं. टेम्पोचा छोटा मास्टर, आणि त्याच्या दोन्ही नटांवर पिवळी रेघ.

ती पप्पांची नव्हती. रंग नारिंगीकडे झुकलेला, काडीऐवजी बोटाने फासलेला. आणि ती फक्त नटाच्या डोक्यावर होती, शेजारच्या लोखंडापर्यंत आलीच नव्हती. म्हणजे नट पूर्ण निघून पडला असता तरी ती रेघ तुटली नसती. कुणीतरी इतके महिने ती रेघ रोज बघितली होती, आणि ती कशासाठी आहे हे जाणून घ्यायची त्याला गरज वाटली नव्हती. त्याला एवढंच कळलं होतं की पिवळं दिसलं की ड्रायव्हर गाडी नेतो.

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. पेटीतून पाना काढला, रामफलला आणि जमलेल्या ड्रायव्हरांना म्हणालो, "देखो," आणि एक नट पाव फेरा उलटा फिरवला. रेघ नटाबरोबर अख्खीच्या अख्खी फिरली. "ये उनकी लकीर है? ये कभी टूटेगी? पेडल दबा के देखो, ताऊ." रामफल आत चढला. पेडल दाबल्याचा आवाज आला, मग पेडल पत्र्यावर टेकल्याचा. तो खाली उतरला, किल्ली बोनटच्या कडेवर ठेवली आणि बाऊजींच्या मॅनेजरकडे, ज्याच्या बोटाच्या पेरावर अजून तो नारिंगी रंग होता, बघून म्हणाला, "तू ले जा." मॅनेजर माझ्या अंगावर धावून आला. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं कालवलेलं आहे. मी पेटी उचलली, बाईकला किक मारली आणि जिंकून आल्यासारखा घरी आलो.

पप्पा खिडकीत बसून मेथी निवडत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी ते चिडतील. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "नट परत कसलास का?"

मी हातातल्या पेटीकडे बघितलं.

"अमोल. नट. परत कसलास का?"

मी पाव फेरा सोडलेला नट तसाच टाकून आलो होतो. पाना पेटीत, पेटी माझ्या हातात. मेथी फरशीवर पडली आणि पप्पा पेटीतला पाना घेऊन, चप्पल न घालता जिना उतरले.

गाझियाबादच्या दुपारच्या रहदारीत मी तशी गाडी परत कधी चालवली नाही. एका वळणावर म्हैस आडवी आली. मी लिव्हर दाबली, पुढचे शॉकअप खाली गेले आणि वर आले, आणि आम्ही तिच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबलो. पप्पा मागून फक्त म्हणाले, "चल."

मिनीबस फाटकापाशी आली होती. स्टिअरिंगवर मॅनेजर स्वतः. पप्पा उतरून अनवाणी तिच्या पुढ्यात उभे राहिले. "बोनट खोलो." मॅनेजरने हॉर्न वाजवला. मागून रामफल आला आणि पप्पांच्या शेजारी उभा राहिला, मग आणखी दोघे. बाऊजी ऑफिसातून बाहेर येत म्हणाले, "नौकरी चाहिए तो सीधे बोलो, ये नाटक किसलिए?"

"नट ढीला है जी," पप्पा म्हणाले. "मेरे लड़के ने छोड़ा था."

सगळ्यांसमोर. खोटी रेघ मारणारा तिथेच स्टिअरिंगवर बसला होता, छोटा मास्टर लावायला सांगणारा पाच पावलांवर उभा होता, आणि सगळ्या गॅरेजला कळलं ते माझं नाव. पप्पांनी बोनट उघडलं, नट कसला, हातरुमालाने दोन्ही नटांवरचा पिवळा रंग पुसून काढला. रेघ मारली नाही. "ये गाड़ी मेरी तरफ से पास नहीं है," त्यांनी ड्रायव्हरांना सांगितलं. ती बस त्या दिवशी गेली नाही, मुलं दुसऱ्या बसच्या दोन खेपांमध्ये घरी पोचली. योग्य मास्टर पुढच्या आठवड्यात आला, असं रामफलने नंतर सांगितलं. पप्पांना मात्र कुणी परत बोलावलं नाही.

आम्ही घरी आलो. मी खाली गाडी लावली आणि म्हणालो, "माझंच नाव घ्यायचं होतं?"

"सोडला कुणी होता?" पप्पा म्हणाले.

मी रागाने रडलो. ते वर गेले आणि पिवळ्या रंगाचा डबा, काडेपेटी आणि एक चिंधी घेऊन खाली आले. तोवर त्यांनी मला तो डबा उघडू दिला नव्हता. "सगळ्या रेघा पूस. एकेक नट सोडून परत कस. मग तू मार." ते पायरीवर पिठात बसले, पायाचे तळवे भाजलेले होते त्यांना फुंकर घालत. मी दात आवळून काम केलं. एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. रेघा वाकड्या येत होत्या, पण प्रत्येक रेघ मी नटावरून लोखंडापर्यंत नेली. चक्की बंद झाली होती.

शेवटची रेघ वाळत होती तेव्हा आई पिशवी घेऊन जिना उतरली. बरा झालेला हात ती अजून जपून धरायची. तिने वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही कुणी मारली?"

"मी."

"मग चालव," ती म्हणाली, आणि पदर खोचून मागे बसली. "मेथी सगळी फरशीवर सांडलीये. दुसरी आणायला हवी."